दाजी, स्नेहलच्या गाडीत तुम्ही बसलाच नाहीत

दाजी,

तुमचा दहावा झाला, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. तळेगावला आलो की बायाबापड्या अक्काजवळ बसून तुमचं चांगलं चांगलं सांगत असतात. खोटं कुणीच बोलत नाही. मी मात्र बाहेरच्या ओट्यावर बसून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असतो. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण भांडण अर्ध्यावर टाकून उठून जाणं तरी कुठे शोभतं? केडगावहून मी आलो की जेवणं उरकल्यावर सुपारी कातरत तुम्हीच सुरुवात करायचात, "बोला पाव्हणं, काय म्हणतीय तुमची परदेशी?"

एरवी मी तुमचा दत्ता. अक्काचा धाकटा भाऊ. गाडीचा विषय निघाला की पाव्हणं.

माझी परदेशी म्हणजे काय, तर वीज खात्यात असताना घेतलेली साधी लहान गाडी. कंपनीचं नाव जपानी, एवढाच तिचा गुन्हा. ती इथेच तयार झाली, इथल्याच माणसांनी जोडली, हे मी किती वेळा सांगितलं असेल. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "नफा कुठं जातो त्ये सांग." मी म्हणायचो, "पगार कुठे येतो ते तुम्ही सांगा." मग अक्का आतून ओरडायची, "दोघं बी गप बसा, म्हशी बुजतील!" एवढं झालं की तुम्ही हसायचात. तुमच्या त्या हसण्यावरसुद्धा मला आता राग येतो.

तुमच्या हट्टाचं मूळ मला ठाऊक होतं. ती जुनी जीप. अक्काला कळा सुरू झाल्या तेव्हा तुमच्या आईने आणि शेजारच्या काकूंनी तिला मागच्या बाकावर निजवलं आणि तुम्ही शिरूरच्या दवाखान्याकडे निघालात. शिक्रापूर ओलांडलं आणि स्नेहल जीपमध्येच झाली. तुम्ही म्हणे मागे वळून बघितलंही नाही. रडणं ऐकू आलं तसं नुसतं विचारलंत, "दोघी बी हायत ना?" आणि दवाखान्याच्या दारात जाईपर्यंत गाडी थांबवली नाहीत. ही गोष्ट तुम्ही प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितलीत. शेवट ठरलेला असायचा. "त्या रस्त्याला, त्या खड्ड्यांत, दुसरी कुठलीबी गाडी असती तर मधीच बसली असती. आपली व्हती म्हणून पोचलो."

आपली. हा शब्द तुम्ही त्या एका कंपनीला दिलात आणि मग जन्मभर परत घेतला नाहीत. जीप गेली, पिकअप आला, पिकअप पुतण्याला देऊन ती उंच काळी गाडी आली, सगळ्या त्याच घरच्या. मीही एकदा इरेला पेटून तुमच्या काळ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं होतं. आतल्या एकेका भागावरची नावं तुम्हाला वाचून दाखवली. हा भाग जर्मन कंपनीचा, हा चीनमधून आलेला, हा जपानी. तुम्ही शांतपणे ऐकलंत, फडक्याने बॉनेट पुसलंत आणि म्हणालात, "तुझ्या बायकुच्या बांगड्या फिरोजाबादच्या हायत, म्हणून ती काय तिकडची झाली व्हय?" ओट्यावर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. पण केडगावला पोहोचेपर्यंत उत्तर शोधत होतो.

इथवर सगळं ठीक होतं. तुमचं माझं भांडण हा दोन माणसांचा विरंगुळा होता. पण मग स्नेहल त्यात आली, आणि तिला तुम्ही त्यात येऊ द्यायला नको होतं.

तिला रांजणगावच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा गावभर पेढे तुम्हीच वाटलेत. कारखाना परदेशी कंपनीचा, मोटारी बनवणारा, हे तुम्ही पेढे वाटताना कुणाला सांगितलं नाहीत. "पोरगी इंजिनेर झाली," एवढंच. तयार झालेल्या गाडीचे दरवाजे, फटी, रंग तपासण्याचं तिचं काम. वर्षं गेली, ती तिथे चांगली स्थिरावली, आणि तिने स्वतःच्या कमाईतून आपल्याच कारखान्यातली एक पांढरी गाडी घेतली. लग्न, मुलं या गोष्टी तिने मागे ठेवल्या होत्या आणि तुम्ही तिच्यावर त्याबद्दल कधी जोर केला नाहीत, हे मी मान्य करतो. गावात असा बाप विरळा. म्हणूनच पुढचं मला अजून उमगत नाही.

ती गाडी घेऊन आली त्या दिवशी मी तिथेच होतो. झेंडूचा हार घातलेली गाडी दारात उभी राहिली. अक्काने कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ तुम्ही फोडलात. गाडीभोवती एक चक्कर मारलीत, दरवाजा उघडून लावून बघितलात, त्याचा आवाज ऐकलात. मग स्नेहल म्हणाली, "आबा, चला, वढूला समाधीचं दर्शन घेऊन येऊ. पहिल्यांदा तुम्ही पुढं बसा."

"गाडी ब्येस हाय," तुम्ही म्हणालात. "पर मी न्हाई बसणार."

तिला आधी थट्टाच वाटली. "म्हंजी?"

"म्हंजी न्हाई बसणार. तू तुझ्या आईला ने. मामाला ने."

"आबा, ही मी बनवलीय. म्हंजी, माझ्या हाताखालनं गेलीय ही."

"ठावं हाय की. म्हणून तर म्हणलं ब्येस हाय."

आम्ही तिघं वढूला जाऊन आलो. वाटेत अक्का सारखी काचा खालीवर करून बघत होती आणि स्नेहल हसत होती. पण कोरेगावच्या चौकात तिने एकदा बाहीने डोळे पुसले, ते मी बघितलं. परत आलो तर तुम्ही ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. "झालं दर्शन?" म्हणालात. जणू काही झालंच नाही.

त्यानंतर मी तुमच्याशी गंमत म्हणून भांडलेलो नाही. खरंच भांडलो. तुम्हाला फरक कळला का, कोण जाणे.

माझ्या थोरल्याच्या साखरपुड्याचा दिवस घ्या. दौंडला कार्यालयात मुलीकडचे लोक खोळंबलेले, आणि तुमची काळी गाडी पारगावच्या पुलापुढे रस्त्यात उभी. समोरचा पडदा काळा पडला, गिअर पडेना. आत अक्का, तुमची वहिनी, दोन चुलत सुना, सगळ्या पैठण्या नेसलेल्या. मागून स्नेहल तिची गाडी घेऊन आली. तुम्ही बायकांना तिच्या गाडीत बसवून दिलंत. पुढच्या सीटवर तुमची वहिनी अवघडून बसली आणि म्हणाली, "भाऊजी, मी मागं सरकती, तुम्ही या." तुम्ही नाही म्हणालात. डोक्याला फेटा बांधून, भर उन्हात, आपल्या त्या आजारी गाडीला टेकून उभे राहिलात. वर्कशॉपची माणसं येईपर्यंत. माझ्या पोराच्या साखरपुड्याला त्याच्या आत्याचा नवराच नव्हता. सगळे विचारत होते, "दाजी कुठायत?" मी काय सांगणार? मी फोन केला तर तुम्ही मलाच ऐकवलंत, "घरचं माणूस रस्त्यात आजारी पडलं तर त्याला टाकून जेवायला जायचं का रं?"

घरचं माणूस तुमच्यामागे गाडी घेऊन उभं होतं, दाजी. ते तुम्हाला दिसलं नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मला कधी खोडता आला नाही. तो इथे मान्य करतो, म्हणजे तुम्ही म्हणायला नको की दत्ताने सोयीचं तेवढं लिहिलं. एकदा रांजणगावजवळून जाताना कारखान्यांच्या त्या लांबलचक भिंतीकडे बघत तुम्ही म्हणालात, "जमीन आपली, पाणी आपलं, पोरं आपली. आन् दारावर नाव कुणाचं?" मी म्हणालो, जग असंच चालतं. पण हे उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं.

मग तुमची मूत्रपिंडं गेली. शिरूरच्या दवाखान्यात डायलिसिसला जायचं ठरलं, आठवड्यातून तीनदा. तुम्हाला गाडी चालवायला मनाई झाली. स्नेहलने साहेबांना सांगून आपली पाळी बदलून घेतली. ती कारखान्यातून तिच्या गाडीने तळेगावला यायची, चिंचेखाली ती उभी करायची, तुमच्या खिशातून काळ्या गाडीची किल्ली घ्यायची आणि तुम्हाला त्या गाडीतून शिरूरला न्यायची. परत आणून सोडायची आणि मग पुन्हा तिची गाडी. तुमची गाडी एवढी उंच की तुम्हाला चढायला तिने लाकडी स्टूल करून घेतलं. तिची गाडी ठेंगणी. दरवाजा उघडला की नुसतं टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. मी एकदा न राहवून बोललो, "दाजी, त्या स्टुलावरून पडाल एखाद दिवशी."

"पडलो तर आपल्या गाडीतनं पडंन."

"आणि ती पोरगी? आठ तास उभं राहून आलेली असते."

तुम्ही स्टुलावर एक पाय ठेवून थांबलात. दम लागला होता. "तिला म्हणलं का मी, नको येऊ म्हणून? ती आली की मला बरं वाटतं." मग दुसरा पाय वर घेतलात.

हे तिला सांगायला काय झालं होतं?

आणि तो पिकअपचा दिवस. तुमची गाडी पुन्हा वर्कशॉपमध्ये गेलेली, आणि डायलिसिसचा दिवस. मी मुद्दाम केडगावहून आलो होतो. मनात म्हटलं, आज बसावंच लागेल. स्नेहलने गाडी अगदी पायरीला आणून लावली. एसी लावून आत गार करून ठेवलं. तुम्ही काठी टेकत बाहेर आलात, तिच्या गाडीकडे बघितलंत आणि सरळ रस्त्यावर जाऊन उभे राहिलात. पुतण्या फुलं घेऊन शिरूरला निघाला होता. त्याच्या पिकअपला तुम्ही हात केलात. तुमचाच जुना पिकअप. मी मोठ्याने ओरडलो, शेजारची माणसं बाहेर आली. "लाज वाटत नाही का तुम्हाला?" असं मी माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला भररस्त्यात म्हणालो. पुतण्याने हाताला धरून तुम्हाला वर घेतलं, मागे झेंडूचे क्रेट रचलेले, आणि तुम्ही निघालात.

स्नेहल म्हणाली, "मामा, बसा."

आम्ही तुमच्या मागे मागे शिरूरपर्यंत आलो. पिकअप जुना, भरलेला, त्याचा वेग तो केवढा. हायवेवर मागून ट्रकवाले, बसवाले हॉर्न मारत होते. तिने पुढे काढली नाही. मी बडबडत होतो, तुम्हाला काय काय म्हणत होतो. ती रस्त्यावर नजर ठेवून म्हणाली, "मामा, नका ना बोलू काही. आबांचं डोकं दिसतंय ना पुढं, बास मला."

दवाखान्याच्या दारात तुम्ही उतरलात. ती तुमच्याजवळ गेली, तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "लई जवळनं चालवत व्हतीस. अंतर ठेवत जावं." म्हणजे सबंध वाटभर तुम्ही आरशात तिलाच बघत होता.

आत मशीन लावल्यावर ती औषधं आणायला गेली आणि तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला सांगायला लागलात, "ही माझी पोरगी. मोटारीचा दरवाजा नुस्ता हातानं चाचपती आन् सांगती, बसला का न्हाई बसला. मशिनीला जे कळत न्हाई ते तिला कळतं." तो बिचारा नुसता मान हलवत होता. मी खुर्चीत बसून हे ऐकलं आणि मला ओरडावंसं वाटलं. ती परत आली तसे तुम्ही गप्प झालात आणि पंख्याकडे बघू लागलात.

शेवटचं आपलं बोलणं त्याच खाटेवर झालं. तुम्ही खूप उतरला होता. मी आवाज न चढवता विचारलं, "दाजी, एकदा खरं सांगा. का नाही बसत तिच्या गाडीत? मला ती आपली-परदेशी नका सांगू."

तुम्ही चादर छातीपर्यंत ओढून घेतलीत. मग म्हणालात, "आपल्या विलासचं बघितलं न्हवं?"

विलास तुमच्या चुलत्याचा मुलगा. तोही एका परदेशी मोटार कंपनीत होता. कंपनीचा शर्ट घालून लग्नाला यायचा, कंपनीचंच कॅलेंडर घरोघर वाटायचा. मग एक दिवस कंपनीने या देशातला धंदाच बंद केला. गेटला कुलूप. तेव्हापासून तो कुठे टिकला नाही. तीन कंत्राटदार झाले, आता रात्रपाळीचा वॉचमन आहे.

"त्या उठून जात्यात, दत्ता," तुम्ही म्हणालात. "त्यांचं घर तिकडं हाय. हितं परवडंना झालं की उठून जात्यात. इलासनं जीव लावला व्हता. तसाच स्नेहलनं लावलाय. घरात एकानं तरी जीव न लावता ऱ्हायला पायजे. उद्या काय झालं तर तिला धरायला कोण?"

इतकी वर्षं मी तुमच्याशी नफा आणि पगार यांवरून भांडत होतो, आणि तुम्ही भलत्याच गोष्टीसाठी अडून बसला होता. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. म्हणणार होतो, दाजी, तुमच्या आपल्या कंपन्या तरी कुठे जीव लावतात? कंत्राटी पोरं सहा-सात महिन्यांत बाहेर काढतातच ना? आणि हेही म्हणणार होतो, की हे मला काय सांगता, तिला सांगा, ती बाहेर बाकावर बसलीय. तेवढ्यात नर्स रक्तदाब बघायला आली. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या खेपेला.

पुढची खेप झाली नाही. त्याच आठवड्यात डायलिसिस चालू असताना तुमचं हृदय थांबलं. तुम्हाला तळेगावला आणलं त्या गाडीत मी तुमच्या पायाशी बसलो होतो, आणि लाज वाटते सांगायला, पण दवाखान्याच्या आवारात ती गाडी मागे येत असताना मी आधी तिच्यावरचं नाव वाचलं. तुमच्याच कंपनीची निघाली. मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते थांबेना.

विलासचं ते सगळं मी स्नेहलला सांगितलं. पोळीचं पीठ मळायचं सोडून ती परातीकडे बघत बसली. "मग मला का न्हाई बोलले?" एवढंच म्हणाली. काय उत्तर देऊ, दाजी? तुम्हीच सांगा. मला एवढंच दिसतं की तुम्ही तिला धरायला म्हणून लांब उभे राहिलात, आणि लांब उभं राहिल्यामुळेच तुमचा हात तिच्यापर्यंत पोहोचला नाही. काळजी करायची तर ती तिच्या शेजारच्या सीटवर बसूनही करता आली असती.

परवा काही कामाने रांजणगावला गेलो होतो, म्हटलं तिला भेटावं. कारखान्याच्या गेटबाहेर थांबलो. पाळी सुटली आणि ती आतल्या पार्किंगकडून यायची सोडून रस्त्याकडेला, उन्हात, भिंतीच्या कडेने चालत निघाली. आत फक्त त्यांच्या कंपनीच्या गाड्या लावू देतात. बाकीच्यांच्या बाहेर, धुळीत. तिथे तुमची काळी गाडी उभी होती.

माझं डोकंच फिरलं. "हे काय गं? तुझी गाडी कुठाय? आबा गेले म्हणून तू आता त्यांचा हट्ट चालवणार?"

"तसं न्हाई मामा. ही नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते हिची." मग किल्ली हातात फिरवत म्हणाली, "आन् खरं सांगू का? माझी चालवून आता दाखवू कुणाला?"

मी तुमच्यावर असा भडकलो म्हणून सांगू. तुम्ही समोर असता तर त्या दिवशी पाहुणेपणा बाजूला ठेवला असता.

"मग तुझी धूळ खात पडलीय का?" मी विचारलं.

"छे. ती आईकडं हाय. आई शिकतीय."

मला खरं वाटेना, म्हणून तिथून थेट तळेगावला आलो. तर खरंच. तुमची अक्का. जिला तुम्ही जन्मात स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीत, 'जड हाय, तुला न्हाई झेपायची' म्हणून. ती साडीचा पदर खोचून, उशी घेऊन, स्नेहलच्या पांढऱ्या गाडीत बसलेली. म्हणाली, "बस शेजारी. स्नेहल यीस्तवर कालव्यापतूर जाऊन येऊ."

मी पट्टा बांधला आणि देवाचं नाव घेतलं. उसाच्या कडेने, कच्च्या रस्त्याने आम्ही निघालो. बैलगाडीच्या वेगाने. समोरून एक दुधाची मोटारसायकल आली तर तिने आधी ब्रेक, मग हॉर्न, मग पुन्हा ब्रेक दाबला. गाडी आचके देऊन बंद पडली. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. घाम फुटलेला. तशीच समोर बघत ती म्हणाली, "हे असते तर शिकूच दिलं नसतं मला." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कशाचं, ते मला सांगता येणार नाही. तुमच्या आठवणीचं असेल, तुमच्यावरच्या रागाचंही असेल. इतक्या वर्षांच्या संसारात या दोन गोष्टी वेगळ्या कुठे राहतात.

मग तिने डोळे पुसले. क्लच दाबला, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली.

"गप बसा आता," ती म्हणाली.

"अगं, मी कुठे काय बोललो?"

"तुला न्हाई म्हणले. ह्यांना म्हणले." आणि तिने गिअर टाकला.